मनाईचा दावा फेटाळला गेला, आता मालकीचा दावा लावता येईल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते सगळ्यांनाच कळेल. वडिलांनी २०११ ला त्यांच्या चुलतभावाविरुद्ध निरंतर मनाईचा दावा लावला होता, की बांधालगतची १२ आर जमीन आमच्या वहिवाटीत आहे आणि यांना अडथळा करू देऊ नका. २०१६ ला तो दावा फेटाळला, अपील केलं नाही, २०२१ ला वडील वारले. आता तुम्हाला १९७४ च्या वाटणीवरून मालकी ठरवून ताबा मागायचा आहे, आणि समोरच्याने नोटिशीच्या उत्तरात लिहिलंय की रेस ज्युडिकेटा, म्हणजे हा विषय कोर्टाने आधीच ठरवलाय, दावा चालणारच नाही. एक वकील म्हणाले विषय संपला, दुसरे म्हणाले काहीच अडचण नाही, आणि गावातल्या कोणीतरी सुचवलंय की आईच्या नावाने दावा टाका म्हणजे भानगडच मिटली.

मी २८ वर्षं दिवाणी बाजूच करतोय, त्यात जमिनीचेच दावे जास्त. मला वाटतं दोन्ही वकिलांनी २०१६ चा निकाल न वाचताच मत दिलंय, कारण या विषयात "दावा फेटाळण्यात येतो" ही शेवटची ओळ बघून काहीच सांगता येत नाही. आधीचा निकाल आहे म्हणून आपोआप नवा दावा अडत नाही. त्या निकालात नेमका कोणता मुद्दा ठरला, तो अडतो.

म्हणून पहिलं काम, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि त्यातलं मुद्द्यांचं पान उघडा. आपल्याकडच्या मराठी निकालांत सुरुवातीला दावा आणि कैफियतीचा (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा) गोषवारा असतो आणि मग एक तक्ता येतो, डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. त्यात साधारण असं काही असेल: मुद्दा १, दावा मिळकत दावा दाखल तारखेस वादीचे कब्जेवहिवाटीत होती हे वादी शाबीत करतात काय? नकारार्थी. मुद्दा २, प्रतिवादी वादीच्या वहिवाटीस हरकत अडथळा करतात हे शाबीत होते काय? नकारार्थी. शेवटी, काय आदेश? अंतिम आदेशाप्रमाणे. तुमच्या तक्त्यात एवढंच असेल तर तुमचा मालकीचा दावा रेस ज्युडिकेटाने अडत नाही, कारण मालकी कोणाची हे कोर्टाने ठरवलेलंच नाही, फक्त २०११ ला ताबा वडिलांकडे नव्हता एवढं ठरलंय. पण त्याच तक्त्यात जर "वादी दावा मिळकतीचे मालक आहेत हे वादी शाबीत करतात काय?" असा मुद्दा असेल आणि समोर नकारार्थी लिहिलेलं असेल, तर मात्र पहिले वकील बरोबर आहेत असं समजा.

हे असं का, ते जरा नीट सांगतो कारण सगळा खेळ इथेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं (१९०८ ची) कलम ११ म्हणतं की एखादा मुद्दा आधीच्या दाव्यात प्रत्यक्ष आणि मुख्यत्वे वादात होता, त्याच पक्षकारांमध्ये किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांमध्ये, त्याच हक्काखाली, आणि सक्षम कोर्टाने दोन्ही बाजू ऐकून तो अखेरचा ठरवला, तर तोच मुद्दा दुसऱ्या दाव्यात कोर्ट परत चालवणार नाही. हे काही इंग्रजांनी आणलेलं नवं खूळ नाही बरं का, आपल्या जुन्या धर्मशास्त्रात प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत त्यातला एक प्राङ्न्याय, म्हणजे "हे प्रकरण पूर्वी ठरलेलं आहे आणि हा हरलेला आहे" एवढंच उत्तर. माणसाला एकाच गोष्टीसाठी किती वेळा कोर्टात ओढायचं याला कुठेतरी शेवट हवा हा विचार जुनाच आहे.

आता "प्रत्यक्ष आणि मुख्यत्वे" या शब्दांवर थांबा. मनाईच्या दाव्यात कोर्ट मुख्यतः ताबा बघतं, मालकीचा उल्लेख जाता जाता येतो, "वादीने वाटणीपत्र हजर केलेले नाही" वगैरे. असा जाता जाता आलेला शेरा बंधनकारक होत नाही. कसोटी सुप्रीम कोर्टाने सज्जादानशीन सय्यद विरुद्ध मुसा दादाभाई या २००० च्या निकालात छान सांगितलीय, त्याचा मथितार्थ असा की तो मुद्दा ठरवणं निकालासाठी गरजेचं होतं का आणि निकाल खरोखर त्याच मुद्द्यावर उभा आहे का हे बघा. नुसता मुद्दा (इश्यू) काढला म्हणून तो मुख्य होत नाही. आणि अनाथुला सुधाकर हा २००८ चा निकाल वकिलाला सांगून ठेवा, त्यात नुसत्या मनाईच्या दाव्यात मालकीत कधी शिरायचं आणि कधी नाही ते टप्प्याटप्प्याने मांडलंय, आणि तिथे स्पष्ट आहे की दाव्यात-कैफियतीत मालकीबद्दल नीट कथनं नसतील आणि मुद्दा काढलेला नसेल तर कोर्टाने मालकी ठरवायची नाही. पण दुसरी बाजूही आहे. सुलोचना अम्मा या १९९४ च्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की मनाईच्या दाव्यात मालकी खरोखर वादात होती आणि ठरली असेल तर ती पुढच्या मालकीच्या दाव्यालाही बंधनकारक, आणि आधीचं कोर्ट कमी रकमेच्या अधिकाराचं होतं ही सबब चालत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ११ ला स्पष्टीकरण ८ घातलं ते यासाठीच. म्हणजे "तो निकाल ज्युनिअर डिव्हिजनचा होता, आता आपण सिनिअर डिव्हिजनला, वरच्या दिवाणी कोर्टात लावू" असं कोणी सुचवलं तर त्यात दम नाही.

म्हणून नुसता निकाल पुरत नाही. दावा अर्ज, समोरच्याची कैफियत, काढलेले मुद्दे, निकाल आणि हुकूमनामा (डिक्री, निकालावरून निघणारा औपचारिक आदेश) अशा पाचही गोष्टींच्या नकला घ्या. वडिलांनी दाव्याच्या परिच्छेदात "वाटणीने आम्ही मालक आहोत" असं लिहिलं होतं का, समोरच्याने कैफियतीत मालकी नाकारली होती का, त्याने प्रतिदावा केला होता का, हे सगळं त्यातून कळेल. प्रतिदावा केला असेल आणि तो मंजूर झाला असेल तर प्रकरण फार अवघड आहे, कारण मग नुसता तुमचा दावा फेटाळलेला नाही, त्याच्या बाजूने हुकूमनामा झालेला आहे.

आता आईच्या नावाने दावा लावायचं. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण असं करून लोक आणखी आठ-दहा वर्षं घालवतात. कलम ११ मध्ये फक्त "तेच पक्षकार" नाहीत, "ज्यांच्यामार्फत हक्क सांगतात ते" पण आहेत. वडील वारले, तुम्ही, आई, बहीण वारस म्हणून त्यांच्याच जागी आलात. वडिलांवर जे बंधन होतं तेच जसंच्या तसं तुमच्यावर. वडिलांनी निकालानंतर जमीन कोणाला विकली असती तर त्या खरेदीदारावरही. नाव बदललं म्हणून मुद्दा बदलत नाही. आईला स्वतःचा वेगळा हक्क असेल, म्हणजे तिच्या नावावर वेगळी खरेदी असेल किंवा तिच्या माहेरकडून आलेलं असेल, तर गोष्ट निराळी, पण तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. बहिणीचं विचारलंत तर वडिलांची वारस म्हणून तीही बांधलेली. जन्माने मिळालेला स्वतंत्र सहहिस्सेदाराचा हक्क ती मांडू शकते, पण आधीचा दावा वडिलांनी कुटुंबाच्या वतीने प्रामाणिकपणे चालवला होता असं ठरलं तर ती कलम ११ च्या स्पष्टीकरण ६ मध्ये (इतरांच्या वतीने चालवलेला दावा त्यांनाही बांधतो) येते, तेव्हा तिच्या नावाचा वापर पळवाट म्हणून करू नका.

रेस ज्युडिकेटा नसलं तरी अजून एक दार बंद होऊ शकतं आणि वकील लोकही याची गल्लत करतात. त्याच संहितेतला ऑर्डर २ रूल २. एकाच कारणातून जेवढं मागता येत होतं तेवढं सगळं एकदम मागायचं, अर्धं मागून अर्धं मागे ठेवलं आणि कोर्टाची परवानगी घेतली नाही तर मागे ठेवलेलं नंतर मागता येत नाही. समोरचा म्हणणार, २०११ लाच मालकीची घोषणा आणि ताबा का नाही मागितला? तुमचं उत्तर वडिलांच्या दाव्यावर अवलंबून आहे. वडिलांचं म्हणणं "ताबा माझ्याकडेच आहे, फक्त अडथळा करतात" असं होतं, मग ज्याच्या ताब्यात आहे तो ताबा मागणार कसा? तेव्हाचं कारण अडथळा, आताचं कारण समोरच्याकडचा ताबा आणि मालकी नाकारणं, असं मांडता येतं, आणि दाव्यानंतर ताबा गेला असेल तर ते तर सरळ नवीनच कारण आहे. पण कोर्टानेच २०११ ला ताबा तुमचा नव्हता असं म्हटलंय, त्यामुळे तुम्ही "२०१७ ला आम्हाला हुसकावलं" असं लिहायला गेलात तर पहिल्याच निष्कर्षावर आपटाल. ताब्याचा निष्कर्ष तुमच्यावर बंधनकारक आहे हे गृहीत धरूनच दावा लिहायचा, त्याच्याशी भांडत बसायचं नाही.

या ऑर्डर २ रूल २ मध्ये साठेखतवाले (जमीन खरेदीचा नुसता करार केलेले) जास्त अडकतात. साठेखत केलेला माणूस घाईत नुसता मनाईचा दावा लावतो की जमीन दुसऱ्याला विकू नका, आणि खरेदीखत करून मागायचा दावा नंतर लावू म्हणतो. व्हर्गो इंडस्ट्रीजच्या २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अशा नंतरच्या करारपूर्तीच्या दाव्याला अटकाव केलाय, कारण पहिला दावा लावतानाच दुसऱ्याचं कारणही घडलेलं होतं. तुमचा विषय तो नाही, पण वाचणाऱ्यांत कोणाचं साठेखत असेल तर दोन्ही मागण्या एकाच दाव्यात घाला किंवा परवानगीचा अर्ज द्या. आणि तुमच्या कामाची गोष्ट, ऑर्डर २ रूल २ चा बचाव घेणाऱ्याने आधीचा दावा अर्ज पुराव्यात आणलाच पाहिजे, नुसत्या निकालावरून अंदाज करायचा नाही, हे गुरबक्ष सिंग या १९६४ च्या निकालापासून पक्कं आहे.

समोरचा बहुतेक लगेच ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज देईल की दावा सुरुवातीलाच नामंजूर करा. त्याला घाबरू नका. श्रीहरी हनुमानदास टोटला विरुद्ध हेमंत कामत हे बेळगावचं प्रकरण, २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, त्यात म्हटलंय की रेस ज्युडिकेटा ठरवायला आधीच्या दाव्याची कथनं, मुद्दे आणि निकाल बघावे लागतात आणि रूल ११ च्या टप्प्यावर फक्त तुमचा दावा अर्जच बघायचा असतो, त्यामुळे साधारणपणे या कारणावर दावा दारातच नामंजूर होत नाही. पण म्हणून दाव्यात आधीचा दावा लपवायचा नाही! मी स्वतः दावा लिहिताना आधीच्या दाव्यासाठी वेगळा परिच्छेद टाकतो, नंबर, तारीख, काय ठरलं, काय ठरलं नाही, सगळं. लपवलेली गोष्ट समोरच्याने बाहेर काढली की कोर्टाचा विश्वास जातो आणि तो परत मिळत नाही.

आता दावा कसा संपला हेही बघा, कारण "फेटाळला" हा शब्द लोक कशालाही वापरतात. तारखेला वडील हजर नव्हते, समोरचा हजर होता आणि डिफॉल्टमध्ये डिसमिस झाला असेल, तर कलम ११ लागत नाही कारण ऐकून ठरवलेलंच नाही, पण ऑर्डर ९ रूल ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही, ३० दिवसांत तोच दावा पुनर्स्थापित करून घ्यायचा असतो. दोघंही गैरहजर असताना डिसमिस झाला असेल तर मुदतीत नवा लावता येतो. (सरस-निरस, म्हणजे जमिनीची प्रत बघून करायच्या वाटपाचा दावा डिफॉल्टमध्ये गेला असेल तर तेवढा घोर नाही, एकत्र मिळकत एकत्र आहे तोवर वाटप मागायचा हक्क चालूच असतो.) स्टॅम्प कमी किंवा कारणच दिसत नाही म्हणून दावा अर्ज नामंजूर झाला असेल तर दुरुस्त करून नवा चालतो.

आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते काढून घेतलेल्या दाव्यात. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, दहाएक वर्षांपूर्वी. नवऱ्याने लावलेला दावा गावातल्या मंडळींनी बसून मिटवला, पुतण्या म्हणाला दावा काढून घ्या, रस्ता देतो. एका छोट्या कागदावर पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), "वादीस दावा पुढे चालवणे नाही, दावा काढून घेत आहे", खाली अंगठा, आणि त्या दिवसाच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) एक ओळ. रस्ता काही मिळाला नाही. आजी तो रोजनामा घडी घालून पिशवीत घेऊन आल्या होत्या, घडीवर अक्षरं पुसलेली. मी तीन वेळा वाचला, "नवीन दावा लावण्याची मुभा" असे शब्द कुठेच नाहीत. ऑर्डर २३ रूल १ प्रमाणे मुभा न घेता काढून घेतलेला दावा त्याच विषयावर परत लावता येत नाही, आणि तिथे न्यायाधीशांचेही हात बांधलेले असतात. आम्ही मग जुन्या दाव्याच्या नादी न लागता, रस्ता अडवल्याच्या नवीन घटनेवरून मामलेदार कोर्टात, म्हणजे तहसीलदारासमोर अर्ज केला, १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली, आणि सहा महिन्यांच्या आतली घटना असल्यामुळे तो चालला. त्यांना रस्ता मिळाला पण मूळ जमिनीचा हक्क कायमचा गेला. चार शब्द कमी पडले म्हणून.

तहसीलदार, प्रांत यांच्याकडच्या निकालांचं विचारलंत ना. फेरफार नोंदीत, आरटीएस अपिलात (महसुली हक्कनोंदींवरच्या अपिलात) कोणीही जिंको, त्याने मालकी ठरत नाही, सातबारा हा महसुलासाठीचा कागद, दिवाणी कोर्ट त्याने बांधलेलं नाही. मात्र कूळ होतं की नाही हा प्रश्न कूळकायद्याच्या अधिकाऱ्यांकडेच ठरतो आणि तिथे ठरलेलं दिवाणी कोर्टात परत उकरता येत नाही, हा फरक लक्षात असू द्या.

तुम्ही असंही लिहिलंय की २०१६ चा निकाल सरळसरळ चुकीचा आहे, साक्षीदार खोटं बोलले. चुकीचा असला तरी अपील न केल्यामुळे तो तुमच्यात अखेरचा झाला. चुकीचा निकालही बांधतोच. याला अपवाद आहे पण अरुंद. मथुरा प्रसाद विरुद्ध दोसीबाई जीजीभॉय, १९७०, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोरिवलीच्या कोर्टातून सुरू झालेलं प्रकरण, मोकळ्या जमिनीला भाडेकायदा लागतच नाही असं आधी ठरलं होतं आणि पुढे हायकोर्टाने दुसऱ्या प्रकरणात उलट अर्थ लावला, तेव्हा सुप्रीम कोर्ट म्हणालं की कोर्टाच्या अधिकारक्षेत्राबद्दलच्या निव्वळ कायद्याच्या प्रश्नावरचा चुकीचा निर्णय कायमचा बांधून ठेवत नाही. तुमच्याकडे प्रश्न वस्तुस्थितीचा आहे, ताबा कोणाचा, त्यात हा अपवाद बसत नाही. फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा असेल तर कुठेही आव्हान देता येतं, चेंगलवराय नायडू या १९९४ च्या निकालात तसं आहे, पण तिथे कोर्टापासून महत्त्वाचा कागद लपवला होता. साक्षीदार खोटं बोलला किंवा आपल्या वकिलाने उलटतपास नीट घेतला नाही, एवढ्याने ते होत नाही.

मालकीचा मुद्दा खरंच तुमच्याविरुद्ध ठरलेला निघाला तर रस्ता एकच, जिल्हा न्यायालयात अपील, सोबत विलंब माफीचा अर्ज. मुदत ३० दिवसांची असते, तुमचा विलंब वर्षांचा आहे. वडिलांचं आजारपण, निकाल कळलाच नाही, असं काही कागदाने दाखवता येत असेल तरच बघा, नाहीतर खर्चात पडू नका.

आणि मुद्दा ठरलेला नसला तरी मुदतीकडे बघाच, मला तुमच्या प्रकरणात खरी भीती त्याचीच वाटते. मालकी हक्कावर ताबा मागायला १२ वर्षं, समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध उघडपणे सुरू झाल्यापासून. त्याने २०११ च्या कैफियतीत "मीच मालक, माझाच ताबा" असं लिहिलं असेल तर तो तिथून मोजायला सांगणार आणि २०२३ ला बारा वर्षं भरतात. मनाईच्या दाव्यात गेलेली पाच वर्षं लिमिटेशन कायद्याच्या कलम १४ खाली वजा होत नाहीत, कारण तो दावा अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत केलेला नव्हता, गुणदोषावर गेला. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय, त्याचा फायदा तुमच्या तारखांना कितपत मिळतो ते वकिलाकडून कागदावर मोजून घ्या. तुमच्या बाजूने एवढं आहे की नुसता लांबचा ताबा पुरत नाही, प्रतिकूल ताबा (खऱ्या मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे धरलेला ताबा) त्यालाच शाबीत करावा लागतो, "मी मूळचाच मालक" म्हणणाऱ्याला ते जड जातं. आणि १९७४ ची वाटणी कागदावर टिकली नाही, नोंदणी नाही वगैरे, तर दोघं अजून सहहिस्सेदार ठरतात, मग ताब्याऐवजी वाटपाचा दावा लावायचा का हाही विचार करावा लागेल, सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने समजला जातो.

नकलेचा अर्ज मात्र या आठवड्यातच द्या. दाव्याचा नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर वडिलांचं नाव आणि वर्ष टाकून बघा, मिळतो बऱ्याचदा. निकाल आणि हुकूमनामा कोर्ट जास्त काळ जपतं पण बाकीचे काही कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, आणि तुमच्या प्रकरणात कैफियतीचाच कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे. रेकॉर्ड रूमला विचारून आधी ती मागवा, निकाल नंतर मिळाला तरी चालेल.